मावशींच्या जादा वेळेचा हिशेब कॅलेंडरवर

शिरोली एमआयडीसीतून निघायलाच उशीर, वर तावडे हॉटेलपाशी गर्दी; घरी बाळाला सांभाळणाऱ्या मावशी पिशवी घेऊन दारात. ‘असू दे वहिनी’ म्हणतात, पण त्यांची केएमटी, म्हणजे कोल्हापूरची सिटी बस, चुकलेली असते.

आधी तासाचा दर काढा: पगार भागिले 26 दिवस, भागिले रोजचे तास. 10,400 रुपये आणि 8 तास, म्हणजे तासाला 50. उशिराच्या तासाला आम्ही दुप्पट धरतो. कारखान्यात ओव्हरटाइम तसाच मिळतो की! 15 मिनिटं इकडेतिकडे चालतात, पुढे अर्धा तास पुरा धरायचा. आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, मावशींसमोरच लिहा. पैसे पगाराबरोबर. केएमटी चुकली तर रिक्षाभाडं वेगळं, त्याच दिवशी.

फक्त उरलेली भाजी किंवा जुनी साडी देऊन हा हिशेब मिटवू नका.