न्यू मेक्सिकोतील खडेयुक्त कुरणजमीन कशी तपासावी

लास क्रुसेस शहराच्या आसपास डोंगरातून निघालेले ओढे पायथ्याशी गाळ पसरवतात आणि पंखाकृती मैदाने तयार होतात. तेथील जमीन पाहताना डोंगराकडच्या टोकापासून सुरुवात करावी, कारण मोठे दगडगोटे वरच्या भागातच थांबतात आणि उताराबरोबर माती बारीक होत जाते.

पृष्ठभागावरचे खडे मात्र उचलू नयेत. पावसाचा मारा आणि वारा यांपासून खालची माती तेच वाचवतात. खड्डा मीटरभर खोल घेऊन २ मिलिमीटरच्या चाळणीने माती चाळावी. चाळणीवर उरलेल्या खड्यांचा वाटा आकारमानाने निम्मा असेल, तर पाणी धरणारी माती निम्मीच उरते. हा हिशेब न करता चराईची क्षमता ठरवणे मला धोक्याचे वाटते.

यानंतरचे काम सर्वांत बोलके आहे. खड्ड्यातील खडा उलटा करून त्याची खालची बाजू पाहावी. तेथे पांढरा, तुटक लेप असेल आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसला, तर चुना साचू लागला आहे. लेप खड्याभोवती सलग असेल तर जमीन त्याहून जुनी, आणि खड्यांमधील पोकळ्याच चुन्याने बुजून घट्ट थर बनला असेल तर ती बरीच प्राचीन समजावी. हा क्रम गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन या मृदाशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये याच परिसरातील अभ्यासातून मांडला. घट्ट थर किती खोलीवर लागतो याची नोंद अवश्य ठेवावी, कारण मुळे आणि पाणी बहुधा तिथेच अडतात. वर क्रिओसोट या वाळवंटी वनस्पतीची झुडपे दाट असतील, तर त्यांच्यामधील उघड्या जागाही मोजाव्यात.