रासायनिक अभिक्रिया कशी समजून घ्यावी: एक बाटली, एक वजनकाटा आणि अणूंची मोजदाद

नव्याने रसायनशास्त्र शिकणारे बरेच जण थेट समीकरणं पाठ करायला घेतात आणि तिथेच अडकतात. मीही शाळेत तेच केलं. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन ही अभिक्रियांच्या प्रकारांची नावं घडाघडा म्हणायचो, पण परीक्षानळीत नेमकं काय घडतंय असं कुणी विचारलं की गप्प. क्रम उलटा केला तर विषय सोपा जातो. आधी अभिक्रिया घडवून बघा, मग वजन करा, आणि समीकरण सगळ्यात शेवटी लिहा.

लागणारं साहित्य

शीतपेयाची १ लिटरची रिकामी प्लॅस्टिक बाटली, घट्ट बसणारं तिचंच झाकण, ५० मिलिलिटर व्हिनेगर, २ ग्रॅम खाण्याचा सोडा, टिश्यू पेपर, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि डोळ्यांना चष्मा. काचेची बाटली चालणार नाही. सोड्याचं प्रमाणही वाढवू नका, कारण बाटली बंद असते आणि आतला दाब वाढत जातो. शीतपेयाची बाटली दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून तीच घ्यायची.

पायरी १: अभिक्रिया घडवा

व्हिनेगर बाटलीत ओता. टिश्यू पेपरच्या तुकड्यात सोडा ठेवून बारीक पुडी बांधा. बाटली, झाकण आणि पुडी एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. आता पुडी आत टाका आणि लगेच झाकण घट्ट लावा. कागद भिजेपर्यंत एक-दोन क्षण काहीच होत नाही, मग एकदम फेस वर चढतो. बाटली हातात धरून पाहा. ती दाबाने टणक झालेली असेल आणि तळाशी गारही लागेल. ही अभिक्रिया भोवतालची उष्णता शोषून घेते. अशा अभिक्रियेला उष्माग्राही म्हणतात.

बुडबुडे आले म्हणजे रासायनिक बदल झाला, असं मात्र समजू नका. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात, पण तिथे पाण्याची फक्त वाफ होते, रेणू तोच राहतो. बुडबुडे, रंगबदल, तळाशी बसणारा अवक्षेप, तापमानातला फरक या सगळ्या नुसत्या खुणा आहेत. खरी कसोटी एकच: नवा पदार्थ तयार झाला का?

पायरी २: झाकण न उघडता वजन करा

फेस बसला की बंद बाटली पुन्हा काट्यावर ठेवा. आकडा पहिल्याइतकाच येईल. मग झाकण हळूच सैल करा, वायू सूं करत निघून जाऊ द्या आणि बाटली झाकणासकट पुन्हा तोला. आता आकडा घटलेला दिसेल.

या क्रमाला महत्त्व आहे. सतराव्या शतकात शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी बंद काचपात्रात कथील तापवलं, पण वजन करण्याआधी पात्र उघडलं. वजन वाढलेलं आढळलं, तेव्हा आगीचेच कण काचेतून आत शिरले असावेत असा त्यांचा समज झाला. १७७४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लॅव्हाझिए यांनी तसाच प्रयोग केला, पण पात्र उघडण्यापूर्वी वजन घेतलं. ते जसंच्या तसं होतं. आतला ऑक्सिजन कथिलाशी जोडला गेला होता, आणि पात्र उघडल्यावर त्याच्या रिकाम्या जागी बाहेरची हवा शिरली होती. वाढलेलं वजन त्या हवेचं.

जाता जाता एक सूचना. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून हा प्रयोग करण्याचा मोह होतो. वायू कोंडला जातो हे खरं, पण फुगलेला फुगा जास्त हवा बाजूला सारतो, हवा त्याला किंचित उचलून धरते आणि काही न हरवताही काटा कमी वजन दाखवतो.

पायरी ३: शब्दांत लिहा, मग अणू मोजा

सोडिअम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) + ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) → सोडिअम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

बाणाच्या डावीकडे अभिक्रियाकारक, उजवीकडे उत्पादिते. सोड्यात सोडिअम १, हायड्रोजन १, कार्बन १, ऑक्सिजन ३. आम्लात कार्बन २, हायड्रोजन ४, ऑक्सिजन २. डावीकडची बेरीज: सोडिअम १, हायड्रोजन ५, कार्बन ३, ऑक्सिजन ५. उजवीकडे सोडिअम ॲसिटेटमध्ये सोडिअम १, कार्बन २, हायड्रोजन ३, ऑक्सिजन २ आहेत. त्यात पाणी आणि कार्बन डायऑक्साइडचे अणू मिळवून पाहा, बेरीज तीच येते. जोडीदार बदलले, अणू तेवढेच राहिले.

रेणुवस्तुमानांनीही, म्हणजे सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांच्या बेरजेनेही, ताळा करता येतो: ८४ + ६० = ८२ + १८ + ४४. म्हणजे ८४ ग्रॅम सोड्यापासून ४४ ग्रॅम वायू, तर आपल्या २ ग्रॅमपासून सुमारे १.०५ ग्रॅम. काट्यावर लगेच एवढी घट दिसत नाही. थोडा वायू द्रावणात विरघळलेला असतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने थोडा बाटलीतच बसून राहतो.

पायरी ४: जुळत नसेल तर जुळवा

वरचं समीकरण आपोआप जुळलं, पण नेहमी तसं होत नाही. लोखंड आणि ऑक्सिजन मिळून फेरिक ऑक्साइड होतं. त्याच्या रेणुसूत्रात लोखंडाचे २ आणि ऑक्सिजनचे ३ अणू, पण ऑक्सिजन वायूचा रेणू येतो २ अणूंचा. २ आणि ३ चा लसावि ६. म्हणून ऑक्सिजनचे ३ रेणू घ्या, फेरिक ऑक्साइडच्या सूत्राआधी २ लिहा आणि लोखंडाआधी ४.

अंक लिहायचा तो सूत्राच्या आधी, सूत्राच्या आतल्या अंकाला हात लावायचा नाही. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून पाण्याच्या सूत्रात एक अणू वाढवलात तर कागदावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि तो सर्वस्वी वेगळा पदार्थ आहे. उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास सापडते.

सरावाला प्रोपेनचं ज्वलन घ्या. प्रोपेनच्या रेणूत कार्बन ३ आणि हायड्रोजन ८, आणि ऑक्सिजनबरोबर पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनतं. आधी कार्बन जुळवा, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन शेवटी, कारण तो उजवीकडे दोन्ही पदार्थांत आहे. क्रमाने १, ५, ३, ४ आले की जमलं.