सर निवृत्त होणार: कॉलेजचा बास्केटबॉल संघ नव्या हाती कसा द्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कॉलेजचा बास्केटबॉल संघ म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच माणूस. वीस-पंचवीस वर्षं तेच सर. नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण ते सगळ्या गावाला कळतं. अशा सरांची निवृत्ती जवळ आली की व्यवस्थापन मंडळ दोन कामं करतं: सत्काराची तारीख ठरवतं आणि बाकीचं ‘पुढचं पुढं बघू’ म्हणून सोडून देतं. पुढे लिहिलेला क्रम जिमखाना समिती, प्राचार्य आणि माजी खेळाडूंसाठी आहे. सरांचे अजून दोन हंगाम शिल्लक आहेत असं धरलंय. एकच असेल तर मुदती निम्म्या करा, क्रम बदलू नका.

आधी तारीख

कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित कॉलेजमधली माणसं साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. जन्म एक तारखेचा असेल तर मागच्या महिन्याच्या अखेरीस. सरांच्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनीच एक जून लिहिलेली असते. हे ‘एक जूनवाले’ 31 मे ला निवृत्त होतात आणि हंगामाच्या दृष्टीनं हे फार सोयीचं पडतं. अडचण होते ती सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये निवृत्त होणाऱ्यांची. त्यांची झोनल (विद्यापीठातल्या कॉलेजांची विभागीय स्पर्धा) पदावर असताना आणि साउथ झोन (दक्षिणेतल्या विद्यापीठांची स्पर्धा) निवृत्तीनंतर असं होतं. अशा वेळी त्या वर्षीच्या जूनपासूनच बेंच, म्हणजे सामन्यात संघ चालवणं, नव्या कोचकडे द्यावा आणि सरांनी मॅनेजर म्हणून बसावं. अर्धा हंगाम एकाचा नि अर्धा दुसऱ्याचा असा प्रयोग करू नये. टाइम-आउटच्या साठ सेकंदांत बारा पोरं दोन तोंडांकडे बघत राहतात.

तारीख कळली की ती लपवू नका. 2 जून 2021 रोजी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच माइक शशेव्हस्कींनी ‘पुढचा हंगाम शेवटचा’ असं जाहीर केलं आणि त्याच वेळी सहायक जॉन शायरचं नाव वारस म्हणून जाहीर झालं. शायर 2010 च्या विजेत्या संघाचा कर्णधार होता. बेचाळीस हंगाम आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं मागे असलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसून त्यानं पहिल्याच वर्षी कॉन्फरन्सचा, म्हणजे आपल्या विद्यापीठ-गटाचा, चषक घेतला. एक अख्खा हंगाम सगळ्यांना ठाऊक होतं की पुढे कोण. खेळाडूंनी, पालकांनी, नव्यानं येऊ पाहणाऱ्या पोरांनी आपापला हिशेब त्याप्रमाणे केला.

पद वेगळं, काम वेगळं

इथल्या अनुदानित कॉलेजांत सर फिजिकल डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख, असतात आणि कोचही तेच. मंडळाला वाटतं, दोन्ही एकाच माणसाला देऊ. ते आपल्या हातात नसतं. मंजूर पद भरायला सरकारची परवानगी, आरक्षणाचा रोस्टर, जाहिरात, मुलाखत आणि शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा के-सेट ही पात्रता परीक्षा लागते. परवानगीच वर्षानुवर्षं येत नाही. म्हणून एखाद्या माजी खेळाडूला ‘सरांच्या जागी तूच’ असा शब्द कुणी देऊ नये, अध्यक्षांनी तर मुळीच नाही. तो बिचारा हातातली नोकरी सोडतो, दोन वर्षांनी जाहिरात निघते आणि त्याच्याकडे के-सेट नसते.

कोचिंगचं काम मानधनावर वेगळं काढा. अकरा महिन्यांचा करार करायची पद्धत आहे, तो करा. पण दोन हंगाम चालू ठेवण्याचा ठराव मंडळाच्या बैठकीत आधीच लिहून घ्या. अकरा महिन्यांच्या भरवशावर कुणी संघ बांधत नाही, जो तो पहिल्या वर्षी चषक आणायच्या मागे लागतो.

दुसरं म्हणजे सही. विद्यापीठाच्या प्रवेशअर्जावर प्राचार्य आणि फिजिकल डायरेक्टर दोघांची सही लागते. पद रिकामं राहणार असेल तर एखाद्या प्राध्यापकाकडे क्रीडा विभागाचा प्रभार दिल्याचा लेखी आदेश सर जायच्या महिन्यातच काढून ठेवा. नाही तर ‘सही कुणाची?’ या प्रश्नावर पहिल्याच झोनलची मुदत निघून जाते.

माणूस निवडताना

पहिलं नाव नेहमी सरांच्या उजव्या हाताचं येतं. ते चूक नव्हे, पण आपोआप बरोबरही नव्हे. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कोच डीन स्मिथ ऑक्टोबर 1997 मध्ये, सराव सुरू व्हायच्या तोंडावर निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलेले बिल गथ्रिज आले आणि तीन हंगामांत दोनदा संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारात घेऊन गेले. मग ते थकले. त्यांच्या जागी 2000 मध्ये आलेल्या मॅट डोहर्टींनी आपले सहायक सोबत आणले, जुने गेले. 2001-02 च्या हंगामात संघानं आठ सामने जिंकले नि वीस हरले. डोहर्टी त्याच कॉलेजचे माजी खेळाडू होते हे इथं लक्षात घ्यावं. घरचा माणूस आणला की घर टिकतं असं नाही. जुन्या माणसांपैकी एक-दोघांना ठेवणं ही अट करारातच असावी. आपल्याकडे ते म्हणजे कोर्टचा शिपाई आणि ज्युनियर पोरांचा सराव घेणारा माजी खेळाडू.

वारस जाहीर केला आणि सर हललेच नाहीत, असंही होतं. सिरॅक्यूज विद्यापीठात 2015 साली माइक हॉपकिन्सना जिम बेहाइम यांचे वारस म्हणून नेमलं. बेहाइम 2018 ला जाणार होते. हॉपकिन्स 2017 मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठात निघून गेले आणि बेहाइम 2023 पर्यंत राहिले. जाहीर केलेल्या वारसाला बाहेरून मागणी येतेच, त्यामुळे दुसरं नाव समितीच्या मनात तयार असू द्या. आणि सरांचा मुलगा? टेक्सास टेक विद्यापीठात कोच बॉब नाइट फेब्रुवारी 2008 मध्ये ऐन हंगामात बाजूला झाले, मुलगा पॅट आला, 2011 मध्ये त्याला काढलं. मुलाचा अर्ज इतरांसारखाच घ्यावा आणि त्या बैठकीला सर नसावेत.

इथे सहसा तीन तऱ्हेची माणसं मिळतात: नोकरी सांभाळून येणारा माजी खेळाडू, हायस्कूलचा पीटी मास्तर आणि कोल्हापूर किंवा धारवाडकडून येणारा शिकलेला कोच. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा असेल तर उत्तम, पण तेवढ्यावर जाऊ नका. मुलाखतीऐवजी पावसाळ्यात सहा आठवडे पहिल्या वर्षाची पोरं त्याच्या हाती द्या आणि लांबून बघा. पाऊस असताना सराव बुडतो की वर्गात, व्हरांड्यात पायांची, बचावाची तालीम होते? बाहेर बसलेल्या पोराकडे त्याचं लक्ष जातं का? सहा आठवड्यांनी किती पोरं टिकली? हे तिसरं उत्तर सगळ्यात खरं.

भाषेची गोष्ट लाजून टाळू नये. संघात मराठी, कन्नड आणि उर्दू घरांतली पोरं एकत्र असतात. कोर्टवर तिन्हींची खिचडी चालते, कुणाचं काही अडत नाही. पण क्रीडा खात्याचा, विद्यापीठाचा कागद कन्नडमध्ये येतो. कोल्हापूरच्या माणसाला कन्नड येत नसेल तर प्रभारी प्राध्यापक कन्नड लिहिणारा हवा, एवढी सोय करा. आणि कोच फक्त मराठीत ओरडतो किंवा फक्त कन्नडमध्ये, अशी कुजबुज पहिल्या महिन्यात सुरू झाली तर ती संघ फोडते. पहिल्या पाचांत आणि कर्णधार-उपकर्णधारांत हे भान राखावं लागतं. सर ते न बोलता राखत होते.

सरांच्या डोक्यातलं वहीत

खरं काम हे आहे आणि ते नेहमी राहून जातं. सर लिहून देणार नाहीत. ‘त्यात काय लिहायचंय’ म्हणतील. म्हणून दर आठवड्याला एक तास नव्या कोचनं वही घेऊन बसायचं, सरांनी बोलायचं, यानं लिहायचं. शेवटच्या हंगामात असे वीसेक तास मिळाले तरी पुष्कळ.

एका खेळाडूला एक पान. नाव, उंची, जन्मतारीख. एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीची (बारावीची) गुणपत्रिका दिली की नाही. कुठला विषय राहिलाय. कुठला घोटा आधी मुरगळलाय. गाव कुठलं, शेवटची बस किती वाजता. घरी फोन कुणाचा उचलला जातो, वडिलांचा की मामाचा. शेवटच्या बसची वेळ किरकोळ वाटते. ती न पाहता नवा कोच सराव सातपर्यंत लांबवतो आणि आठवड्याभरात खानापूरकडची तीन पोरं येईनाशी होतात. ‘शिस्त नाही’ असा शेरा मारून तो मोकळा होतो. सर मात्र त्या तिघांना साडेपाचलाच ले-अप आणि फ्री-थ्रो उरकून सोडत असत.

चंदगडकडून येणाऱ्या पोरांचं पान वेगळं करा. त्यांची बारावी महाराष्ट्र बोर्डाची असते. मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र वेळेत झालं नाही तर विद्यापीठाच्या संघात निवड होऊनही नाव अडतं. हे काम प्रवेशाच्या वेळीच व्हावं लागतं, ऑक्टोबरमध्ये धावपळ करून उपयोग नसतो.

मग खुणा. प्रत्येक सरांच्या चाली त्यांच्याच शब्दांत असतात: बोटांची खूण, कुणाच्या तरी नावानं पडलेली चाल, झोन, म्हणजे जागा वाटून करायचा बचाव, लावायचा तो एक विशिष्ट आवाज. प्रत्येक चालीचं चित्र काढून घ्या आणि शेजारी ‘कधी लावायची नाही’ तेही लिहा. नवा कोच आपल्या चाली आणील, आणावाच. पण पहिल्या हंगामात जुन्यांपैकी चार-पाच तशाच नावांनी ठेवाव्यात, कारण तिसऱ्या वर्षाच्या पोरांच्या अंगात त्या मुरलेल्या असतात.

शेवटची पानं माणसांची: कुठल्या हायस्कूलचे मास्तर उंच पोरगं दिसलं की फोन करतात, बेंगळुरूला गेल्यावर संघ कुठं उतरतो, हाड बसवणारा कोण आणि कुठला डॉक्टर पोरांकडून पैसे घेत नाही. या प्रत्येकाकडे सरांनी नव्या कोचला स्वतः घेऊन जायचं. नुसता नंबर देऊन भागत नाही.

मुलींचा संघ आधी मोडतो

मुलांचा संघ कोच बदलला तरी कसाबसा उभा राहतो. मुलींचा राहत नाही. मुलीला रात्रीच्या रेल्वेनं बेंगळुरूला पाठवायला वडील तयार होतात ते कॉलेजकडे बघून नव्हे, सरांकडे बघून. ‘सर आहेत नव्हं, मग जाऊ दे की,’ एवढं एकच वाक्य वीस वर्षं संघ चालवत आलेलं असतं.

म्हणून शेवटच्या हंगामात प्रत्येक मुलीच्या घरी सर आणि नवा कोच दोघांनी एकदा जावं. चहा होईल, मग वडील विचारतील: सोबत बाई कोण, राहायचं कुठं, परत किती वाजता. उत्तरं नव्या कोचनं द्यायची, सरांनी गप्प बसायचं. सोबत जाणाऱ्या महिला प्राध्यापिकेचं नाव आधीच ठरलेलं असावं आणि ते दर वर्षी बदलू नये. शक्य असेल तर माजी खेळाडू मुलगी सहायक कोच म्हणून मानधनावर घ्या. हा खर्च सत्काराच्या मांडवातून काढला तरी चालेल.

कोर्ट आणि कपाट

हे भराभर उरकता येतं, पण सर असतानाच उरका. स्टॉक रजिस्टरप्रमाणे सामान मोजा, फुटके चेंडू डेडस्टॉकमधून रीतसर काढा. मुलांसाठी सात नंबरचा चेंडू, मुलींसाठी सहा. दोन्ही एकाच जाळीत कोंबलेले असतील तर वेगळे करा. रिंग 3.05 मीटरवर आहे का ते टेपनं बघा. लोंबकळून लोंबकळून ती पुढे झुकलेली असते. आपल्याकडच्या पावसानं कोर्टवर शेवाळ धरतं; ते कोण, कधी, कशानं घासतं हे शिपायाला विचारून लिहा. प्रवासभत्त्याची उचल कुणाच्या नावावर बाकी आहे ते हिशेब खात्याकडून लेखी घ्या. सरांनी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे बहुतेक कुठंच नोंदलेले नसतात. ते विचारून समजून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प खरा होईल.

सरांनी नंतर कुठं बसायचं

कोच जॉन वूडन 1975 मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातून निवृत्त झाले. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टोंनी पहिल्या वर्षी अंतिम चार गाठले, दोन हंगामांत 52 सामने जिंकले, फक्त नऊ हरले आणि 1977 मध्ये सोडून गेले. इतकं जिंकूनही तुलना संपत नसेल तर आपल्या झोनलमध्ये दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या नव्या कोचचं काय होईल ते समजून घ्या.

‘मुख्य सल्लागार’ असं मोघम पद सरांना देऊ नये. त्यात काम काहीच नसतं, पण अधिकार असल्यासारखा वाटतो. त्याऐवजी नेमकं काम द्या: शालेय पोरांचं उन्हाळी शिबिर, नाही तर उंच पोरं शोधायला हायस्कुलांत फिरणं. पहिला हंगाम सरांनी सरावाला येऊ नये, सामन्याला यावं आणि समोरच्या बाजूला बसावं, बेंचमागे नव्हे. हे सरांना सांगायचं काम सगळ्यात जुन्या माजी खेळाडूचं. प्राचार्यांनी सांगितलं तर अपमान वाटतो. सत्कार, फेटा, शाल, श्रीफळ सगळं शेवटच्या सामन्यानंतर करा, नव्या हंगामाच्या उद्घाटनाला नको. नव्या कोचची पहिली ओळख सरांच्या गौरवाच्या भाषणांखाली दबून जाते.

पोरं सरांना फोन करणारच. ‘सर, ते मला बसवायलेत.’ सरांचं उत्तर आधी ठरलेलं असावं: त्यांनाच विचार. माजी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच लागू. हरलेल्या रात्री सरांनी तिथं एक अक्षर लिहिलं तरी सकाळपर्यंत दोन पार्ट्या पडतात.

पहिल्या हंगामाचं माप

चषकाची अट नको. बारापैकी किती जण शेवटपर्यंत टिकले, मुलींचा संघ उतरला का, पहिल्या वर्षाची किती नवी पोरं आली, परीक्षेत किती पास झाले, एवढं बघा. दुसऱ्या हंगामात निकालाकडे वळा. त्याच्या अखेरीस समितीनं एकदा नव्या कोचसमोर बसून स्पष्ट बोलावं. बाहेर, चहाच्या गाड्यावर नव्हे.

मधल्या काळात मंजूर पद भरलं गेलं आणि तिसराच कुणी फिजिकल डायरेक्टर होऊन आला, असंही होईल. तो कदाचित ॲथलेटिक्सचा असेल. तेव्हा मानधनावरचा कोच तसाच ठेवता येतो, फक्त सह्या आणि बिलं नव्या माणसाकडे जातात. वही मात्र त्या दिवशी जिमखान्याच्या कपाटात असायला हवी, कोचच्या घरी नव्हे. कपाटाच्या दोन चाव्या करा: एक कोचकडे, एक प्राचार्यांच्या कार्यालयात.