रक्त पातळ करण्याची नवी औषधे: वेळ, जेवण आणि दमट हवा

रक्त पातळ करण्याचे औषध असे आपण सर्रास म्हणतो, पण त्याने रक्त पातळ होत नाही; गुठळी होण्याची क्रिया मंदावते. वॉरफरिन हे जुने औषध रक्त गोठवणाऱ्या घटकांची यकृतातील निर्मितीच 'के' जीवनसत्त्वाच्या वाटेने कमी करते, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वरचेवर तपासावा लागतो आणि ताटात रोज तांबडी भाजी येऊ लागली तरी हिशेब बिघडू शकतो. नवी औषधे तयार घटकालाच थेट अडवतात: रिव्हारोक्साबॅन व एपिक्साबॅन दहाव्या घटकाच्या सक्रिय रूपाला, तर डाबिगॅट्रान थ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या घटकाला. परिणाम काही तासांत सुरू होतो आणि मूत्रपिंडे ठीक असल्यास एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून या औषधांत वेळ पाळण्याला फार महत्त्व आहे.

दिवसातून दोनदा घ्यायची एपिक्साबॅनची गोळी चुकल्यास आठवताच घ्यावी. डाबिगॅट्रान मात्र पुढच्या मात्रेला सहा तासांहून कमी अवधी उरला असेल तर सोडून द्यावे. एकदाच घ्यायची रिव्हारोक्साबॅन त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. चुकलेली भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा घेऊ नये, आणि दात काढायचा असला तरी स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये.

रिव्हारोक्साबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी नुसत्या चहावर नव्हे, जेवणासोबतच घ्यावी, कारण उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला ती फराळाबरोबर घ्यावी.

डाबिगॅट्रानची कॅप्सूल फोडू किंवा चावू नये. ती ओलाव्याने खराब होते, आणि आपल्या गोव्यात आषाढात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. आईसाठी मी हौसेने सात कप्प्यांची डबी आणून आठवड्याच्या कॅप्सूल पाकिटातून सोडवून ठेवल्या होत्या. औषधाचे पत्रक वाचल्यावर त्या टाकून द्याव्या लागल्या. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी.

सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, आणि हृदयात कृत्रिम धातूची झडप असल्यास ही नवी रक्त पातळ करणारी औषधे चालत नाहीत.

शौच डांबरासारखे काळे झाले किंवा डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी 108 ला फोन करावा. डॉक्टरांना औषधाचे नाव आणि शेवटची मात्रा किती वाजता घेतली ते सांगावे. औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी पैशांच्या पाकिटात कायम असू द्यावी.