घरच्यांना आणि पैपावण्यांना ऑटिझम कसा सांगायचा

पोराला ऑटिझम आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची वाढ जरा वेगळ्या पद्धतीनं होतीय, असा रिपोर्ट हातात आला की खरी परीक्षा घरी असतीय. आमचा पोरगा तीन वर्षांचा होता, मी मोबाईलवरची इंग्रजी व्याख्या सासूबाईंना वाचून दाखवली आणि सगळं फिसकटलं, म्हणजे वेडा म्हणतायत व्हय माझ्या नातवाला, म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्याच नाहीत.

तर आधी शब्द नीट निवडा. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण तसं म्हटलं की लोकांना वाटतंय पोरगा मुद्दाम आपल्यातच दंग बसलाय, ऑटिझमच्या जपानी शब्दाचा अर्थपण तसाच, स्वतःला कोंडून घेण्याचा आजार. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत २०१७ ला ऑटिझमला नवीन शब्द आला, ताकिवातांगा, म्हणजे आपल्याच वेळेत, आपल्याच जागेत. मी तेच आपल्या भाषेत सांगितलं, त्याचं घड्याळ वेगळं चालतंय. आता सासूबाई शेजारणीला तेच सांगतात, वर स्वतःचं म्हणून.

दृष्ट काढू दे की, मीठ-मोहऱ्यांवरनं भांडत बसू नका, फक्त थेरपीची वेळ चुकवायची नाही. पण तीन महिन्यांत बरा करतो म्हणत पुड्या देणारा कोण आला तर तिथं मात्र नाही म्हणायचं, मग तो कुणाच्या का ओळखीचा असेना.

आईनं मोबाईल दिला, आई नोकरी करती, म्हणून झालं असं कोण म्हणालं तर ऐकून घेऊ नका. अमेरिकेत १९५०-६० च्या काळात मोठमोठे तज्ज्ञच म्हणायचे की आई फ्रिजसारखी थंड असती म्हणून पोरगं असं होतंय, नंतर ते खोटं ठरलं. दक्षिण कोरियात तर आयाच दोष अंगावर घ्यायच्या, कारण रक्तातलं आहे म्हटलं की भावंडांची लग्नं अडणार. हे वाचलं आणि मला आमच्या आत्या आठवल्या, बाहेर बोलू नगोस, पोरीला स्थळं यायची हायत. पण लपवून कमी होत नसतंय, कोरियातल्याच एका शहरात पोरं तपासली, २०११ ला आकडा आला, साधारण ३८ मागं एक, आणि त्यातली बरीच साध्या शाळेत, कुणाला पत्ताच नाही.

सगळ्यांना समजावत बसण्यापेक्षा एकेकाला काम द्या. जोतिबाला जायचंय तर मामाला सांगा, यात्रा नको, रविवार नको, मधल्या वारी सकाळी लवकर जाऊ. आमच्याला चांगभलंचा गजर सुरू झाला की दोन्ही कानावर हात जातात, गुलाल मात्र लई आवडतोय, पायरीवर बसून बोटानं रेघा मारत असतोय अर्धा अर्धा तास. मामा शेजारी नुसता बसतोय, ऊठ म्हणत नाही.

सासऱ्यांना कागदं द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, सर्टिफिकेटला ४० प्रश्नांची चाचणी असती, ७० किंवा त्याच्या वर गुण आले की ऑटिझम धरतात, कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करायची. पुढं सरकारचा निरामय आरोग्य विमा, लाखापर्यंत, त्यात थेरपीपण बसती. आमच्या मामंजींनी त्याची फाईल केलीय, वर गणपतीचा स्टिकर, कुणाला हात लावू देत नाहीत.