इंदूर ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाची वेळ कशी काढावी

मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला निघालेल्या इंदूरकरांना तिकीट हातात येताच दोन प्रश्न पडतात: अंतर नेमके किती आणि प्रत्यक्षात किती तास लागणार? दोन्हींची उत्तरे घरबसल्या काढता येतात. मात्र ही दोन गणिते वेगवेगळी मांडावी लागतात.

आधी अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर चुकते. सर्वांत जवळची वाट बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळावरून, जाते. इंदूर विमानतळ साधारण २२.७२ अंश उत्तर व ७५.८० अंश पूर्वेला आहे, तर लंडनचे हीथ्रो विमानतळ ५१.४७ अंश उत्तर व ०.४५ अंश पश्चिमेला. हीथ्रो पश्चिम रेखांशावर असल्याने रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करावी, ती ७६.२५ येते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्यावा आणि त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा व रेखांशफरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवावा. बेरीज ०.४३८७ येते, आणि ज्या कोनाचा कोसाइन इतका असतो, तो कोन सुमारे ६४ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की अंतर सुमारे ७,१०० किलोमीटर भरते. आयता आकडा मैलांत मिळाला, तर मैल कोणता ते आधी पाहावे, कारण साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

दिल्लीमार्गे जाताना मात्र इंदूर–दिल्ली सुमारे ६६० आणि दिल्ली–लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर अशी बेरीज करावी लागते.

वेळेसाठी ताशी ८५० किलोमीटर वेग धरून त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व खाली उतरणे यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवावा. दिल्ली–लंडनचे उत्तर साडेआठ तासांच्या आसपास येते, पण पश्चिमेकडे जाताना उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे समोरून येत असल्याने साडेनऊ तास किंवा अधिकही लागतात. शिवाय एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल, तर वळसा पडतो; एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा हेच घडले.

तिकिटावरील वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, एरवी साडेपाच. उन्हाळ्यात दिल्लीहून दुपारी २ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ७ वाजता पोहोचणाऱ्या विमानाला पाच नव्हे, साडेनऊ तास लागलेले असतात. परतीच्या प्रवासात रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी सकाळी १० हे तेरा तास दिसतात, पण खरे साडेआठच.

आता दिल्लीतील थांबा. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील, तर किमान तीन तास ठेवावेत. तिकिटे वेगळी असतील, तर सामान घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि टर्मिनलही बदलावे लागू शकते, म्हणून पाच तासांहून कमी वेळ ठेवू नये. वयस्कर आई-वडील एकटे निघाले असतील, तर मी सहा तासांचाच आग्रह धरेन. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे इंदूरची सकाळची विमाने रखडतात, त्यामुळे वेगळ्या तिकिटांवर जाणाऱ्यांनी त्या दिवसांत आदल्या संध्याकाळीच दिल्ली गाठावी.