हिवतापाच्या परजीवीच्या जनुकांची हालचाल मोजताना या चुका टाळा

औषध दिल्यावर शेकडो जनुकांच्या आरएनएची पातळी बदललेली दिसली, तर आनंद व्हायच्या आधी परजीवीचं वय तपासा. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत साधारण ४८ तास जातात. या वेळात त्याची बहुतेक जनुकं, ज्याची गरज त्या तासाला आहे तीच, एकामागून एक जागी होतात. औषधानं वाढ नुसती मंदावली तरी परजीवी काही तास मागे पडतो. मग दिसतो तो फरक वयाचा असतो, औषधाचा नव्हे. माझ्या मते या कामातली सगळ्यांत महागडी चूक हीच.

परजीवी एका वयाचे करायला वापरतात ते सॉर्बिटॉल हे रसायन एकदा वापरून ‘सगळे एकाच वयाचे झाले’ असं धरू नका. त्यानं मोठ्या अवस्था फुटतात, पण उरलेल्या रिंगांमध्ये (पेशीत शिरल्यावरची कोवळी अवस्था) काही तासांची आणि बरीच मोठी आलेली, अशा दोन्ही असतात. काही तासांनी पुन्हा वापरा, गिम्सा रंगानं रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि औषध दिलेल्या व न दिलेल्या दोन्ही गटांचे नमुने अनेक वेळांना घ्या.

व्हार जनुकं, म्हणजे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर जाणारं प्रथिन बनवणारी जनुकं, तर भल्याभल्यांना चकवतात. ती सुमारे ६० आहेत, पण एका परजीवीत सहसा एकच चालू असतं. बाकीची हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा आणि जनुकं बंद ठेवणारं एचपी१ प्रथिन यांच्या जोरावर मिटलेली राहतात. चालू जनुकाचा आरएनए रिंग अवस्थेत भरपूर असतो, त्याचं प्रथिन मात्र पेशीच्या पृष्ठभागावर नंतर पोचतं. म्हणून ट्रोफोझोइटमध्ये (रिंगनंतरच्या मोठ्या अवस्थेत) प्रथिन दिसलं आणि आरएनए जेमतेम मिळाला, तर प्रयोग फसला असं समजू नका. एका क्लोनपासून, म्हणजे एकाच परजीवीच्या वंशापासून, सुरू केलेल्या कल्चरमध्येही (प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींमध्येही) पिढ्यांगणिक काही परजीवी दुसऱ्या व्हारकडे वळतात. तेव्हा ‘अनेक व्हार एकदम चालू’ हे चित्र बहुधा मिसळलेल्या गर्दीचं असतं. रुग्णाच्या नमुन्यातली व्हार ३डी७ या प्रयोगशाळेतल्या संदर्भ वाणाच्या जीनोमशी जुळवू नका. प्रत्येक वाणाचा संच वेगळा असल्यानं चालू जनुकही बंद भासतं.

या परजीवीच्या जीनोममध्ये डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी मिळून ८० टक्क्यांच्या आसपास आहेत. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) सारखा फसत असेल तर विस्ताराच्या, म्हणजे नवी साखळी बनण्याच्या, टप्प्याचं तापमान ७२ वरून ६०-६५ अंशांवर आणून बघा. आरएनएच्या नमुन्यात मिसळलेला डीएनएही आधी काढा.

गॅमेटोसाइट (डासाकडे जाणारी लैंगिक अवस्था) येणं थांबलं की माध्यमाला दोष देण्याआधी कल्चर किती जुनं आहे ते पाहा. एपी२-जी हे गॅमेटोसाइट बनणं सुरू करणारं मुख्य कळ-जनुक, आणि लांबलेल्या कल्चरमध्ये त्यात बिघाड झालेले परजीवी सापडले आहेत. सुरुवातीच्या गोठवलेल्या साठ्यातली एक कुपी काढून पुन्हा वाढवा.